तास संपल्यावर मीटमध्ये राहिलेले १७ जण

(गाव, महाविद्यालय आणि मुलांची ओळख पुसली आहे. आकडे माझ्या त्या वर्षीच्या वहीतले.)

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातलं तालुक्याचं गाव. पूर्वेला बागायत: कांदा, ऊस, टोमॅटो. पश्चिमेला डोंगर, भातखाचरं, आदिवासी वाड्या. पहिल्या वर्षाच्या वाणिज्य वर्गात एरवी दोन्हीकडची मुलं एका बाकावर बसतात. २०२०-२१ मध्ये कोरोनामुळे बाकच नव्हता. बारावीचा निकाल जुलैत लागला, प्रवेश लांबले, विद्यापीठ अनुदान आयोगानं पहिल्या वर्षासाठी १ नोव्हेंबरची तारीख दिली आणि आमच्याकडे वर्ग रुळले ते दिवाळी आटोपल्यावर, गूगल मीटवर.

पट ८६. विषय फायनान्शियल अकाउंटिंग, आठवड्याला चार तास. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं निदान चेहऱ्यानं ओळखीची होती. या ८६ पैकी एकालाही मी कधी पाहिलेलं नव्हतं, आणि हे किती महागात पडणार आहे याचा अंदाज मला नव्हता.

मी तासिका तत्त्वावर काम करते. म्हणजे घेतलेल्या तासांचे पैसे, बाकी कशाचे नाहीत. हे इथेच सांगून ठेवते, कारण पुढच्या एका निर्णयात त्याचा संबंध आहे. रोज तास झाला की उपस्थितांचा स्क्रीनशॉट, आकडा आणि शिकवलेला घटक गूगल फॉर्ममध्ये भरायचा. आकडा पन्नाशीच्या पुढे असला की कोणी काही विचारायचं नाही. माझा रोज ५० ते ५५ असायचा. विभागात माझं बरं चाललंय असं सगळ्यांचं मत होतं. माझंही.

अडचण

डिसेंबरचा दुसरा आठवडा. ‘चला, उद्या भेटू’ म्हटलं आणि लाल बटण दाबायचं विसरून चहा ठेवायला उठले. आठ-दहा मिनिटांनी परत आले तर मीट चालूच होती आणि तिच्यात माझ्याशिवाय १७ जण होते.

आधी वाटलं, शंका विचारायला थांबलेत. एकेकाचं नाव घेतलं. नावं तरी काय, ‘रेडमी’, ‘पप्पा’, ‘ओम साई मोबाईल शॉपी’. कोणी उत्तर दिलं नाही. एकाचा माईक चालू राहिला होता. त्यातून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, वाफा कुठवर आला, रोपाची जुडी कुणाकडे आहे असलं काहीतरी. कांद्याची लागवड चालली होती. फोन बांधावर कुठेतरी ठेवलेला असणार आणि त्यातून मी पाऊण तास भागीदारी संस्थेच्या विसर्जनाबद्दल बोलत होते.

त्या दिवशी ५३ जण आले होते. त्यातले १७ असे. उरलेल्या ३६ पैकी किती जण खरोखर ऐकत होते, हे मला कळायला मार्ग नव्हता. त्यांनी फक्त वेळेवर बाहेर पडायचं लक्षात ठेवलं होतं, एवढंच.

दोन दिवस मी या १७ जणांवर चिडून होते. मग हजेरीची यादी घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की आपण चिडायलासुद्धा चुकीची माणसं निवडली आहेत. पट ८६, आलेले ५३. उरलेले ३३ कुठे आहेत? यातले बरेच जण पहिल्या आठवड्यानंतर एकदाही आले नव्हते. वर्गात रिकामा बाक दिसतो. मीटमध्ये न आलेला मुलगा कुठेच दिसत नाही.

एक चूक आधीच करून झाली होती, तीही नोंदवते. नोव्हेंबरच्या शेवटी मी कॅमेरा सक्तीचा केला होता. तीन दिवसांत उपस्थिती तिसाच्या आसपास आली. मी गुपचूप सक्ती मागे घेतली, आकडा परत वर गेला आणि विषय संपला. तीस का झाले, हे कुणाला विचारलं नाही.

आधी फोन

पर्यायांचा विचार करण्याआधी मी सगळ्यांना फोन करायचं ठरवलं. ८६ फोन, रोज दहा-बारा. पूर्ण व्हायला नऊ दिवस लागले, आणि सगळ्या सत्रातला सगळ्यात उपयोगी पडलेला वेळ तोच.

पहिला धक्का यादीचाच. प्रवेश अर्जावरचे ११ नंबर एकाच नेट कॅफेवाल्याचे निघाले. अर्ज त्यानं भरला, ओटीपी त्याच्याकडे यायला हवा म्हणून नंबरही त्याचाच. महाविद्यालयाकडून गेलेला प्रत्येक संदेश दोन महिने त्या बिचाऱ्याच्या फोनवर जमा होत होता. त्यानंच मग सात-आठ मुलांचे खरे नंबर काढून दिले.

मुलांनी सांगितलेली कारणं ऐकून मी शिकवण्याबद्दल जे काही करायचं मनात धरलं होतं, ते बहुतेक बाजूला पडलं. घरात स्मार्टफोन एक, त्याच्यावर सकाळी धाकट्या भावाची शाळा. दिवसाला दीड जीबीचा पॅक, तो दुपारी बाराला संपलेला; माझा तास साडेबाराला. ‘मॅडम, मोबाईल दादाकडं असतो, तो रात्री आठला कामावरनं येतो.’ पश्चिमेकडच्या वाड्यांमध्ये रेंज घरात नाही, वरच्या टेकाडावर आहे. दोन मुली म्हणाल्या, घर एका खोलीचं आहे, कॅमेऱ्यात मागे सगळं दिसतं. एक मुलगा मेडिकल स्टोअरमध्ये कामाला होता. तो गिऱ्हाईक नसेल तेव्हा ऐकायचा, एका कानात इअरफोन घालून. माझ्या चिडण्याच्या यादीत तो दुसऱ्या क्रमांकावर होता.

‘विषयात रस नाही’ असं म्हणणारे चौघेच भेटले. मुलांना रस कसा लावायचा यावर त्या काळात झालेल्या वेबिनारांची प्रमाणपत्रं माझ्याकडे सहा आहेत.

समोरचे पर्याय

स्टाफरूम बंद होती, पण तिचा व्हॉट्सॲप ग्रुप चालू होता. तिथे मी विषय काढला तेव्हा तीन सूर निघाले.

पहिला, कडक व्हा. तासाच्या मध्ये अचानक नाव घ्या, उत्तर नाही तर गैरहजेरी, आणि अंतर्गत ३० गुणांपैकी काही हजेरीला जोडा. याचा फायदा असा की कागदावर सगळं नीट दिसतं. पण फोनवर ऐकलेल्या गोष्टींनंतर मला हे करवेना. ज्याच्या घरी फोन रात्री आठला येतो त्याचे साडेबाराला गुण कापायचे, तर मी नेमकं कशाचं मूल्यमापन करत होते?

दुसरा सूर, व्हिडिओ करून यूट्यूबवर टाका, ज्याला जमेल तेव्हा बघेल. दोन तरुण सहकारी हे करत होते आणि छान करत होते. पण व्हिडिओलाही डेटा लागतोच. शिवाय हिशेबाचा तक्ता सहा-सात रकान्यांचा. मी वापरून पाहिलं: साडेपाच इंचांच्या पडद्यावर तो मुंगीएवढा दिसतो, मोठा करावा तर अर्धे रकाने बाहेर जातात.

तिसरं सुचवलं ते निवृत्तीला आलेल्या एका सरांनी. ते बरीच वर्षं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे दूरशिक्षणातले मार्गदर्शक, होते. ते म्हणाले, ‘अहो मॅडम, पोरगं समोर नाही हे गृहीत धरूनच शिकवायचं, हे काम नाशिकचं विद्यापीठ १९८९ पासून करतंय. आधी हातात कागद द्या. मग भेट. भेटीत शिकवायचं नाही, अडलेलं सोडवायचं.’ आम्ही वर्गातला तास जसाच्या तसा फोनमध्ये कोंबायला निघालो होतो. सरांनी तो फोनच बाजूला ठेवून दाखवला.

त्यांचं म्हणणं मला पटलं. अडचण वेगळीच होती. चारपैकी दोन तास मीटवर न घेता कागद आणि आवाजातून द्यायचे, तर ते ‘घेतलेले तास’ धरायचे की नाही? पैशांचा प्रश्न होता आणि तो मी स्वतःपासूनही आठवडाभर लपवला. शेवटी विभागप्रमुखांना घेऊन प्राचार्यांना फोन केला. प्राचार्यांचा प्रश्न सरळ होता: ‘तुम्ही म्हणता ते बरोबर असेल, पण पुरावा काय जोडणार?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘करून बघा, बिलाचं मग बघू’ एवढ्यावर बोलणं थांबलं.

काय केलं

जानेवारीच्या पहिल्या सोमवारपासून घडी अशी बसवली. मीटवर आठवड्याला दोनच तास, आणि तेही शिकवायला नाही, अडलेली उदाहरणं सोडवायला. उरलेल्या दोन तासांचं शिकवणं व्हॉट्सॲपवरून: हातानं लिहिलेल्या पानांचे फोटो आणि त्यासोबत सहा-सात मिनिटांचे व्हॉइस मेसेज. सात मिनिटांचा आवाज एक एमबीच्या आतबाहेर बसतो. मीटचा तास काही शे एमबी खातो. प्रत्येक पानाला क्रमांक आणि ओळींनाही क्रमांक, म्हणजे आवाजात ‘पान ३, ओळ ५ वर बोट ठेवा’ असं म्हणता येतं. हा ओळींच्या क्रमांकांचा शोध पहिल्या आठवड्यातल्या गोंधळानंतर लागला. त्याआधी मी आवाजात ‘हे इथे बघा’ म्हणत होते. फळ्याची सवय.

त्याच पानांचा संच एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवला. गावातून बाजाराला येणाऱ्या कुणीही न्यावा. पहिल्या दोन संचांचे पैसे मी दिले, पुढे विभागानं दिले.

रात्री आठ ते नऊ फोनचा तास ठेवला, कारण फोन तेव्हाच घरी येतात. त्यासाठी वेगळं सिमकार्ड घेतलं आणि नऊनंतर ते बंद करायचं, हे पहिल्या दिवशीच सांगून टाकलं.

मुलांचे गावांनुसार गट पाडले, पाच-सहा जणांचे. बरा फोन असलेला एक जण गटप्रमुख. साधा फोन असलेल्यांनी त्याच्याकडून ऐकायचं. काही गट देवळाच्या सभामंडपात एकत्र बसायचे हे मला ठाऊक होतं. साथ संपलेली नव्हती. मी ‘मास्क लावा, लांब बसा’ म्हणत राहिले आणि बसू नका असं म्हटलं नाही. ते बरोबर होतं का, हे आजही मला नक्की सांगता येणार नाही.

आता वह्यांबद्दल, कारण खरं कळलं ते तिथून.

शुक्रवारी एक उदाहरण. मुलांनी वहीत सोडवून फोटो पाठवायचा. त्या वेळी आमचा ‘पीसमील’चा घटक चालू होता: भागीदारी संस्था बंद होते, मालमत्ता एकदम विकली जात नाही, जसजसे पैसे येतील तसतसे ते वाटायचे. आधी बाहेरची देणी, मग भागीदारांची कर्जं, मग भांडवल. आणि भांडवलातही ज्याचं नफ्याच्या प्रमाणाच्या मानानं जास्त अडकलंय त्याला आधी. मी दिलेलं उदाहरण: अ, ब, क यांचं भांडवल ६०,०००, ४०,००० आणि १५,०००, नफ्याचं प्रमाण २:२:१. भांडवलाला प्रमाणानं भागलं की ३०,०००, २०,०००, १५,००० येतात, म्हणजे सगळ्यात कमी क चं. त्या हिशेबानं भागीदारांच्या वाट्याला आलेले पहिले २०,००० एकट्या अ ला, पुढचे २०,००० अ आणि ब ला निम्मे-निम्मे, आणि त्यानंतरच तिघांना २:२:१.

याच घटकावर डिसेंबरात गूगल फॉर्मवर बहुपर्यायी चाचणी घेतली होती. गुण उत्तम आले होते. आता वह्यांचे फोटो आले तर निम्म्याहून अधिक जणांनी पहिल्या रकमेपासूनच २:२:१ नं वाटायला सुरुवात केलेली. फॉर्ममधलं बरोबर उत्तर ग्रुपवरून फिरलं असणार. वहीतली चूक मात्र ज्याची त्याची होती. एका मुलीनं पैसे क ला आधी दिले होते आणि शेजारी कंसात लिहिलं होतं, ‘गरीब आहे म्हणून’. हसू आलं, पण तिनं निदान कुणाला आधी हा प्रश्न तरी स्वतःला विचारला होता.

८६ वह्या दर आठवड्याला तपासणं एका माणसाचं काम नव्हे. पहिल्या आठवड्यात मी प्रयत्न केला आणि रविवारी रात्री दीडला सोडून दिला. मग असं ठरवलं: आलेल्या सगळ्या वह्या नजरेखालून घालायच्या, पण बारकाईनं दोनच गटांच्या तपासायच्या आणि त्यांना प्रत्येकी अर्ध्या-पाऊण मिनिटाचा आवाजी अभिप्राय. गट आळीपाळीनं. शनिवारी सगळ्यांसाठी एक मेसेज: या आठवड्यातल्या तीन चुका, नावं न घेता. ‘मॅडम, दोन नंबरची चूक माझी होती ना?’ असे फोन येऊ लागले. मीटवर कधी तोंड न उघडणारी मुलं हे विचारत होती.

मध्ये एक गोष्ट बिघडली, आणि ती बिघडणार हे आधी सुचायला हवं होतं. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. एक मुलगी अचानक ग्रुपमधून बाहेर पडली. फोन केला तर म्हणाली, नेट परवडत नाही. दोन दिवसांनी तिच्या मैत्रिणीकडून कळलं की वर्गातलाच कुणीतरी तिला रात्री मेसेज करत होता. त्या मुलाशी विभागप्रमुख बोलले. मी ग्रुप बंद केला आणि ब्रॉडकास्ट यादीवर गेले. पण ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी माझा नंबर फोनमध्ये साठवलाय त्यांनाच पोहोचतो. त्यामुळे पुन्हा ८६ जणांना ‘नंबर सेव्ह करा’ म्हणून सांगणं आलं. तो आठवडा त्यातच गेला. ती मुलगी परत आली, पण मीटवर पुन्हा कधी बोलली नाही.

आणि प्राचार्यांना हवा होता तो पुरावा अनपेक्षित ठिकाणी सापडला. व्हॉइस मेसेजच्या माहितीत तो कुणाकुणाला पोहोचला आणि कुणी ऐकला याची यादी दिसते. मी तिचेच स्क्रीनशॉट जोडायला लागले. मीटच्या आकड्यापेक्षा हा आकडा खरा होता. निदान यात कुणीतरी बोटानं बटण दाबलेलं असायचं. प्राचार्यांनी फेब्रुवारीपासून हे तास धरले. जानेवारीच्या बिलातले आठ तास मात्र कापले गेले ते गेलेच.

निष्पत्ती

१५ फेब्रुवारी २०२१ पासून निम्म्या उपस्थितीनं वर्ग भरवायची परवानगी आली होती, पण दुसऱ्या लाटेपुढे ते टिकलं नाही. सत्र शेवटपर्यंत वरच्या पद्धतीनंच चाललं.

त्या दिवशी न आलेल्या ३३ जणांपैकी १९ जण सत्राअखेरीस नियमित वही पाठवत होते, आठ जण अधूनमधून. तिघांनी शिक्षण सोडलं: एका मुलीचं लग्न झालं, दोन मुलगे चाकणला कंपनीत लागले. तिघांशी शेवटपर्यंत संपर्कच झाला नाही. मीटमध्ये अडकून राहिलेल्या १७ पैकी १५ जण वह्या पाठवू लागले. मेडिकलवाला मुलगा आपल्या गटाचा प्रमुख झाला आणि माझ्यापेक्षा बरं समजावतो, असं त्याच्या गटातल्या दोघांनी मला तोंडावर सांगितलं.

तोटाही झाला. सहा-सात मुलं अशी होती ज्यांना चांगला फोन, चांगली रेंज आणि मीटवरचा तास हवा होता. त्यांचे तास निम्म्यावर आले आणि त्यांनी तशी तक्रार केली. एका पालकांनी ‘फी पूर्ण आणि तास अर्धे?’ असं विचारलं. मी कारण समजावलं. त्यांचं समाधान झालं नाही.

परीक्षेच्या निकालावरून काही सिद्ध करायच्या फंदात मी पडत नाही. ऑनलाइन बहुपर्यायी परीक्षेत सगळ्यांचेच गुण चांगले आले, माझ्या वर्गाचे आणि कॅमेरा सक्तीचा असलेल्या दुसऱ्या वर्गाचेही. त्यापेक्षा मला सत्राअखेरचं एक उदाहरण महत्त्वाचं वाटतं. पीसमीलचंच, आकडे आणि प्रमाण बदलून दिलेलं. आलेल्या ६८ वह्यांपैकी पहिल्या रकमेपासून प्रमाणात वाटणाऱ्या नऊ निघाल्या.

पुन्हा करायचं झालं तर

फोन पहिल्या आठवड्यात करीन, सहाव्यात नाही. तो १७ जणांचा प्रकार दिसला तो योगायोगानं, चहाची तलफ आली म्हणून. तशी तलफ आली नसती तर सत्र संपेपर्यंत माझा आकडा ५३ च राहिला असता.

कॅमेऱ्याची सक्ती मागे घेतली तेव्हा गप्प बसायला नको होतं. ‘माझं चुकलं, कारण सांगा’ एवढं म्हटलं असतं तर एका खोलीच्या घराची गोष्ट महिनाभर आधी कळली असती.

ग्रुप उघडण्याआधी नंबरांचा विचार. यात दुसरं मत असायचं कारण नाही.

मीटचे तास सरसकट निम्मे करण्याबद्दल मात्र मी अजून साशंक आहे. ज्यांना हवेत त्यांच्यासाठी तिसरा तास ठेवता आला असता. तेव्हा माझ्याच्यानं झालं नसतं हे खरं, पण गटप्रमुखांपैकी दोघं तो चालवू शकले असते. मला ते सुचलं मार्चअखेर.

पैशांचं बोलणं आधी करून घ्यावं. तासिका तत्त्वावरचा शिक्षक आठ तास कापून घेऊन एकदा प्रयोग करतो. दुसऱ्यांदा करेल याची खात्री नाही. मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याचा प्रस्ताव मांडला तेव्हा आमच्या ग्रुपवर पहिला प्रश्न आला तो हाच, की त्याचे तास कसे मोजणार.

२० ऑक्टोबर २०२१ ला महाविद्यालयं उघडली. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी हजेरी घेत होते आणि मुलं माझ्याकडे, मी मुलांकडे नवख्यासारखी बघत होतो. संपर्क न झालेल्या तिघांची नावं यादीत तशीच होती. त्यातला एक जण त्या दिवशी तिसऱ्या बाकावर बसलेला होता. फोन हरवला होता म्हणाला. नवा घेतला तो ऑगस्टमध्ये, कांद्याचे पैसे आल्यावर. झेरॉक्सवाल्याकडच्या पानांचे सगळे संच त्याच्या पिशवीत होते.